चाकरीचा परवाना, धंद्याला बंदी

(परभणी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परभणी जिल्ह्यातील खेड्यात गुढीपाडव्याला दोन गोष्टी होतात. घरावर गुढी उभी राहते आणि मालकाच्या ओसरीवर सालगड्याचे साल ठरते. पाडव्यापासून पाडव्यापर्यंतचे बारा महिने, ठरलेली रक्कम, थोडे धान्य, आणि त्या रकमेपैकी बराचसा भाग आगाऊ, म्हणजे उचल. ती उचल लग्नात, दुखण्यात किंवा मागच्या देण्यात पाहता पाहता संपते. साल मात्र शिल्लक राहते. मधल्या काळात शेजारच्या शिवारात मजुरी वाढली तरी गड्याला तिकडे जाता येत नाही. दोन एकर बटईने करून स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा विचार त्याने बोलून दाखवला, तर मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'मग माझ्या बैलांचं कोण पाहणार?' प्रश्न साधा आहे, परंतु गड्याने गडीच राहावे ही एक संपूर्ण अर्थव्यवस्था त्या प्रश्नात सामावलेली आहे.

परदेशी कामगारांच्या व्हिसाचे नियम हा विषय या ओसरीपासून फार दूरचा वाटतो. वस्तुतः तो तितका दूरचा नाही. परभणी, पाथरी, जिंतूर, सेलू या गावांतून सौदी अरेबियाला, दुबईला, कुवेतला कामावर गेलेला माणूस आता अपूर्वाईचा राहिलेला नाही. कोणी वाहनचालक म्हणून गेला, कोणी वीजतंत्री, गवंडी, वेल्डर, शिंपी म्हणून. याच जिल्ह्यातील शेतकऱ्यांची अभियांत्रिकी शिकलेली मुले पुण्याच्या संगणक-कंपन्यांतून अमेरिकेपर्यंत पोहोचली आहेत. या दोघांची मिळकत, राहणी, भाषा यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. परंतु दहा-बारा वर्षे इमानाने काम केल्यानंतर दोघांच्याही मनात एके दिवशी तोच विचार येतो. हातात कसब आहे, गिऱ्हाईक ओळखीचे आहे, गाठीला थोडा पैसा आहे. आता स्वतःचे काहीतरी काढावे. आणि तेथे दोघांनाही एकाच भिंतीवर डोके आपटावे लागते. ज्या कागदाच्या आधारे ते त्या देशात उभे आहेत, तो कागद चाकरीचा परवाना आहे. चाकरी संपली की परवाना संपला, आणि परवाना संपला की मुक्काम संपला.

आखाती देशांतील पद्धतीला 'कफाला' म्हणतात. कफील म्हणजे जामीन राहणारा. मूळ कल्पना अशी की, परक्या माणसाची हमी स्थानिक माणसाने घ्यावी. तेलाच्या पैशाबरोबर या जुन्या कल्पनेचे रूपांतर मजूर-पुरवठ्याच्या यंत्रणेत झाले. कामगाराचा इकामा, म्हणजे निवासाचा परवाना, कफीलाच्या नावाशी जोडला गेला. कफील बदलायचा तर जुन्या कफीलाची संमती, देशाबाहेर पडायचे तर त्याचीच संमती, असा अनेक वर्षे रिवाज होता. गेल्या काही वर्षांत यात फरक पडला आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. कतारने २०२० साली नोकरी बदलण्यासाठी लागणारे मालकाचे ना-हरकत पत्र रद्द केले. सौदी अरेबियाने मार्च २०२१ पासून काही अटींवर नोकरी बदलण्याची मुभा दिली. मात्र घरकामगार, खाजगी वाहनचालक, माळी, मेंढपाळ यांना तीतून वगळले. ज्यांना सुटकेची सर्वांत अधिक निकड होती, नेमके तेच बाहेर राहिले.

तरीही या सुधारणांचा नीट अर्थ लावला पाहिजे. एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे जाण्याची ही मुभा आहे. मालकाशिवाय जगण्याची नव्हे. सालगड्याला पाडव्याखेरीजही वाडा बदलू दिला, तर तो नक्कीच अधिक सुखी होईल, परंतु तेवढ्याने बटईचे शेत त्याला मिळत नाही.

मग प्रत्यक्षात काय घडते? जेथे सरळ दार बंद असते तेथे मागचे दार उघडते आणि त्या दारावर कोणीतरी पैसे घेणारा उभा राहतो. 'आझाद व्हिसा' हा शब्द या जिल्ह्यातील अनेक घरांत ऐकलेला आहे. सरकारी दप्तरात असा कोणताही व्हिसा नाही. कफील नावापुरता मालक असतो. तो कामगाराला आणतो, त्याच्याकडून व्हिसाची किंमत वसूल करतो आणि 'जा, कोठेही काम कर' म्हणून सोडून देतो. पुढे इकाम्याच्या नूतनीकरणाला पुन्हा पैसे. या आझाद माणसाने थोडी धडपड करून वातानुकूलन-यंत्रे दुरुस्त करण्याचे किंवा किराण्याचे छोटे दुकान काढले, तर परवाना निघतो स्थानिक नागरिकाच्या नावाने. भांडवल याचे, श्रम याचे, जोखीम याची आणि पाटीवरचे नाव दुसऱ्याचे. महिन्याचा हप्ता बिनचूक पोचवायचा. दुकान चांगले चालू लागले आणि नाव देणाऱ्याच्या मनात आले, तर एका सकाळी कुलूप बदललेले आढळते. तक्रार कोणाकडे करायची? तक्रारीचा पहिला शब्द उच्चारताच हा माणूस गुन्हेगार ठरतो. सौदी अरेबियात या व्यवहाराला 'तसत्तुर', म्हणजे आडोशाचा धंदा, म्हणतात. तेथील २०२० च्या कायद्यानुसार त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाख रियालपर्यंत दंड आहे, शिवाय परदेशीयाची हकालपट्टी. त्याच देशाने २०१९ साली आठ लाख रियाल एकरकमी भरणाऱ्या परदेशीयासाठी कायमचा, तर वर्षाला एक लाख रियाल भरणाऱ्यासाठी वर्षावर्षाचा, कफीलाशिवायचा निवास-परवाना काढला. त्यावर धंदाही करता येतो. गुन्हा परकेपणाचा नव्हता, खिशाचा होता, असाच याचा अर्थ होत नाही काय?

संयुक्त अरब अमिरातीचा इतिहासही उद्‌बोधक आहे. तेथे १९८४ साली कंपनी कायदा झाला आणि देशांतर्गत कंपनीत किमान ५१ टक्के भाग स्थानिक नागरिकाचा असला पाहिजे, अशी अट आली. योगायोगाने त्याच वर्षी दुबईत दातार कुटुंबाचे छोटे किराणा दुकान सुरू झाले. विदर्भातून गेलेले धनंजय दातार पुढे मसाल्यांचे मोठे व्यापारी झाले, हे महाराष्ट्राला माहीत आहे आणि त्यांच्या कष्टांचे कौतुक करण्यात कोणी कंजुषी करू नये. परंतु दुबईला जाऊन काय होता येते याचा एक दाखला म्हणून त्यांचे नाव सतत घेतले जाते, तेव्हा त्या दुकानासमोर रस्त्याचे खोदकाम करणाऱ्या हजारोंसाठी काय नियम होता, हे कोणी विचारत नाही. ही ५१ टक्क्यांची अट २०२० च्या दुरुस्तीने गेली. जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत परदेशीयाला पूर्ण मालकी घेता येते. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांसाठीही २०२२ पासून वेगळा व्हिसा आहे. त्याला पदवी किंवा विशेष पदविका आणि भरघोस उत्पन्नाचा पुरावा लागतो. दहावी नापास असलेल्या, पण बंद पडलेले कोणतेही यंत्र तासाभरात चालू करून देणाऱ्या पाथरीच्या कारागिराला यांतली कोणती पायरी चढता येईल? कुवेतमध्ये तर ऑगस्ट २०२४ मध्ये वाणिज्य मंत्रालयाने खाजगी नोकरीच्या, म्हणजे कलम १८ च्या, निवास-परवान्यावरील परदेशीयांना कंपनीत भागीदार होण्यास स्थगितीच दिली होती. भागीदार व्हायचे तर कलम १९ चा, गुंतवणूकदाराचा, परवाना घ्या, हा त्यामागचा विचार. माणूस तोच, कौशल्य तेच. कलम १८ चा असेल तर हात, कलम १९ चा असेल तर असामी.

आता अमेरिकेकडे वळू. ती लोकशाही आहे, तेथे कफील नाही, असे म्हटले जाते. परंतु १९९० च्या कायद्याने सुरू झालेल्या एच-१बी व्हिसाची घडण पाहिली की कफीलाची आठवण होते. अर्ज कामगाराने करायचा नसतो, मालकाने करायचा असतो. दरवर्षी ६५,००० आणि अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी मर्यादा आहे. नोकरी गेली तर नवा मालक शोधण्यास जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी कोणत्याही एका देशाच्या वाट्याला वर्षाच्या एकूण संख्येच्या सात टक्क्यांहून अधिक जागा नाहीत. त्यामुळे भारतीयांची रांग दशकांच्या हिशेबाने मोजावी लागते. या रांगेत उभ्या असलेल्या अभियंत्याने कंपनी काढावी, तर स्वतःच्या कंपनीत त्याने स्वतः काम करणे हाच नियमभंग ठरू शकतो. स्वतःच्या कंपनीचा नोकर व्हायचे, तर त्याला कामावरून काढू शकेल असे कोणीतरी वर असल्याचे दाखवा, अशी अपेक्षा तेथील खाते अनेक वर्षे करीत असे. मालकावर मालक हवाच! जानेवारी २०२५ मध्ये लागू झालेल्या नियमाने कंपनीत बहुसंख्य मालकी असलेल्या माणसालाही अशी परवानगी मान्य केली, पण पहिल्या दोन खेपांना अठरा-अठरा महिन्यांपुरतीच. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने देशाबाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार बसवला. नव्याने उभी राहणारी कोणती छोटी कंपनी हा आकार भरू शकेल? तो मोठ्या कंपनीलाच परवडणार.

यात एक गमतीची गोष्ट मराठी घरांना चांगली ठाऊक आहे. एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो आणि कायम वास्तव्याच्या रांगेत विशिष्ट टप्प्यावर पोहोचलेल्यांच्या जोडीदारांना २०१५ पासून कामाची मुभा आहे. ही मुभा कोणा एका मालकाशी बांधलेली नाही. स्वतःचा व्यवसायही चालतो. परिणामी नोकरीवर असलेल्या नवऱ्याला जे करता येत नाही, ते त्याच्यावर अवलंबून म्हणून आलेल्या पत्नीला करता येते. कायदा तिला आश्रित म्हणतो आणि त्या घरात मालकाच्या मर्जीशिवाय कमावण्याचे स्वातंत्र्य असलेली तीच एकटी असते.

याच्या उलट १९६५ नंतरचा काळ आठवावा. त्या वर्षीच्या कायद्याने अमेरिकेत आशियाई तज्ज्ञांना थेट कायम वास्तव्याचा मार्ग मोकळा झाला. त्या दशकात शिकायला गेलेले सुहास पाटील प्राध्यापक झाले, आणि १९८१ साली त्यांनी सॉल्ट लेक सिटीत स्वतःची कंपनी काढली. तीच पुढे 'सिरस लॉजिक' म्हणून प्रसिद्धीस आली. बुद्धी त्या पिढीत होती तशी आजच्या पिढीतही आहे. त्या पिढीतील अनेकांना राहण्याचा हक्क लवकर मिळाला आणि तो कोणा मालकाच्या हाती नव्हता, एवढाच फरक. व्हिसाचे नियम माणसाची पात्रता ठरवत नाहीत. पात्र माणूस किती काळ दुसऱ्याच्या दावणीला राहील, हे ठरवतात.

येथे एखादा साथी विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की कामगाराने कंपनी काढावी हे समाजवादाचे उद्दिष्ट कधीपासून झाले? गड्याचा मालक झाला म्हणून गडीपण संपले काय? या आक्षेपात तथ्य आहे. ऊसतोडीच्या टोळ्यांचा अनुभव गंगाखेड-पालमच्या कार्यकर्त्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. मुकादम बहुधा तोडणाऱ्यांमधूनच वर आलेला असतो आणि कारखान्याची उचल तोच टोळीत वाटतो. आखातातही आडोशाने छोटा कंत्राटदार झालेला माणूस आपल्याच गावची पोरे नेतो, एका खोलीत दहाजण झोपवतो आणि पगार तीन-तीन महिने अडवतो. कफीलाच्या खाली दुसरा कफील! परंतु हा दुसरा कफील कोठून निर्माण झाला, हे पाहावे. उघडपणे, स्वतःच्या नावाने, कायद्याच्या नजरेसमोर धंदा करता येत नाही, म्हणूनच तो अंधारात होतो. अंधारातल्या मालकावर किमान वेतनाचा नियम चालत नाही, कामगाराचा दावा लागत नाही. शिवाय स्वतःचे काही काढणे म्हणजे दरवेळी दुसऱ्याला राबवणेच नव्हे. दहा वेल्डरांनी मिळून सहकारी तत्त्वावर कार्यशाळा काढावी, ही कल्पना महाराष्ट्रात कोणाला परकी नाही. सौदी अरेबियात आणि अमिरातीत कामगार-संघटना काढण्यासच बंदी आहे. मग परक्या कामगारांची सहकारी संस्था दूरच राहिली. तात्पर्य, मुद्दा 'कंपनी'चा नसून मालकाविना उभे राहण्याच्या हक्काचा आहे. एकट्याने उभे राहायचे की दहाजणांनी मिळून, हे त्यानंतर ठरेल.

हा झगडा नवा नाही आणि महाराष्ट्राचे त्याच्याशी जुने नाते आहे. नाताळ वसाहतीत १८६० पासून हिंदी मजूर गिरमिटावर, म्हणजे मुदतबंदीच्या करारावर, नेले गेले. पाच वर्षे उसाच्या मळ्यात राबायचे. मुदत संपल्यावर अनेकजण तेथेच राहिले. भाजीपाला पिकवू लागले, डोक्यावर टोपली घेऊन विकू लागले, कोणी लहानसे दुकान घातले. मजूर म्हणून त्यांच्याविषयी गोऱ्यांची तक्रार नव्हती. मुक्त मजूर म्हणून ते बाजारात दिसू लागताच तक्रार सुरू झाली. १८९५ साली कायदा झाला की, यापुढे गिरमिट संपलेल्या माणसाने एक तर मायदेशी परतावे, किंवा पुन्हा गिरमिट लिहून द्यावे, नाहीतर वर्षाला तीन पौंड कर भरावा. दोन वर्षांनी, १८९७ साली, दुकानांच्या परवान्यांचा कायदा आला. परवाना देणे न देणे सर्वस्वी अधिकाऱ्याच्या मर्जीवर, आणि त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय नाही. कायद्यात हिंदी माणसाचे नाव कोठेही नव्हते, परंतु तो कोणासाठी होता हे सर्वांना माहीत होते. आजच्या इकाम्यातील आणि एच-१बीतील कलमे अधिक सभ्य भाषेत आहेत. हेतू ओळखीचा आहे.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० साली मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव आणून नाताळला गिरमिटी मजूर पाठवणे थांबवण्याची मागणी केली, आणि १९११ मध्ये ती भरती थांबली. १९१२ साली प्रकृती बरी नसताना ते दक्षिण आफ्रिकेत गेले. तीन पौंडांचा कर रद्द होईल, अशी समजूत घेऊन ते परतले. ते आश्वासन पाळले गेले नाही. मग १९१३ साली खाणींतील आणि मळ्यांतील मजूर संपावर गेले, आणि गांधीजींच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यानंतर १९१४ साली कर गेला. गोखले नेमस्त म्हणून ओळखले जातात. त्या नेमस्ताने गिरमिटियांसाठी जे केले, तेवढे आजच्या किती जहालांनी आखाती कामगारासाठी केले?

मराठवाड्याचा स्वतःचाही एक अनुभव आहे. निजामाच्या राज्यात मुल्की नियम होते. सरकारी नोकरीसाठी माणूस मुल्की, म्हणजे राज्यातला, असला पाहिजे. बाहेरचा असेल तर पंधरा वर्षांचे वास्तव्य हवे. बाहेरच्या बड्या अधिकाऱ्यांच्या भरतीविरुद्ध स्थानिकांना संरक्षण मिळावे हा हेतू योग्य होता. पण हा नियम नोकरीला होता, व्यापाराला नव्हता. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग झाल्यावर सेलू, मानवत, परभणी या कापसाच्या पेठांत पैसा घालणाऱ्याला मुल्कीपणाचा दाखला कोणी विचारला नाही. मजूर परका असेल तर सीमेवर अडतो, भांडवल परके असेल तर त्याचे स्वागत होते, ही रीत परभणीने फार पूर्वी पाहिली आहे. आजचे नियम नोकरीला सोपे आणि धंद्याला अवघड, तेव्हाचे उलट. परंतु दोन्ही वेळा पैसेवाल्यासाठी वाट मोकळीच होती.

स्थानिक कामगारांच्या हिताचा मुद्दा मात्र टाळता येणार नाही. सौदी तरुण बेकार असताना तेथील सरकारने २०११ साली 'निताकात' योजना आणून कंपन्यांवर स्थानिकांच्या प्रमाणाचे बंधन घातले. महाराष्ट्रात ८० टक्के स्थानिकांची मागणी करणाऱ्यांनी त्याबद्दल सौदींना नावे ठेवू नयेत. परंतु स्थानिकांचे नुकसान परका कामगार करतो की बांधलेला कामगार करतो? ज्या आडत्याची उचल घेतली त्यालाच कापूस घालावा लागतो, तेव्हा भाव कोण ठरवतो हे शेतकरी जाणतो. आणि अशा पेठेत उचल न घेतलेल्या शेतकऱ्यालाही चांगला भाव मिळत नाही. श्रमाच्या बाजाराचेही तसेच आहे. ज्याला सोडून जाता येत नाही असा कामगार स्वस्तात उपलब्ध असेल, तर मालक सोडून जाऊ शकणाऱ्या स्थानिकाला कशाला ठेवील? अमिरातीने २०११ पासून कराराची मुदत संपल्यावर मालकाच्या संमतीविना नोकरी बदलण्याची मुभा दिली. त्या बदलाचा अभ्यास सुरेश नायडू, याव न्यार्को आणि शिंग-यी वांग या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ साली प्रसिद्ध केला. आधीपासून तेथे असलेल्या कामगारांची मिळकत सुमारे दहा टक्क्यांनी वाढली, आणि विशेष म्हणजे ते जुन्याच मालकाकडे अधिक प्रमाणात टिकले. जाता येते हे कळल्यावर मालकाने पगार वाढवला आणि माणूस थांबला. त्याच अभ्यासात हेही दिसले की, नव्याने आणल्या जाणाऱ्या कामगारांची मागणी व मिळकत घटली. कारण ते सुरुवातीला बांधलेलेच राहिले होते. अर्धवट सुधारणेचा लाभ अर्ध्यांनाच होतो.

परक्यांना बोल लावताना भारताचे स्वतःचे नियमही तपासले पाहिजेत. भारतात नोकरीच्या व्हिसावर येणाऱ्या परदेशीयाला, काही अपवाद वगळता, वर्षाला सोळा लाख पंचवीस हजार रुपयांहून अधिक पगार असावा लागतो. मालक बदलण्याची मुभा जवळजवळ नाहीच. धंदा काढायचा तर धंद्याचा व्हिसा वेगळा. म्हणजे रचना तीच. परंतु याच देशाने नेपाळशी ३१ जुलै १९५० रोजी केलेल्या तहाच्या सातव्या कलमात दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांच्या भूमीवर राहण्याचे, मालमत्ता घेण्याचे, व्यापार करण्याचे आणि ये-जा करण्याचे समान हक्क देण्याचे मान्य केले. महाराष्ट्रातील लहान शहरांत रात्री शिट्टी वाजवत फिरणारा नेपाळी पहारेकरी पुढे चहाची किंवा नूडल्सची गाडी लावतो, तेव्हा त्याला कोणी कफील लागत नाही. यामुळे भारत बुडाला नाही, पहारेकऱ्यांचाही दुष्काळ पडला नाही. मालकाविना राहण्याचा हक्क परक्या कामगाराला दिला तर काय होते, याचे उत्तर ७५ वर्षे डोळ्यांसमोर आहे. ते पाहण्यासाठी समितीची नेमणूक करावी लागत नाही.

भारतीय कायद्यात आणखी एक आधार आहे, आणि त्याकडे पक्षाने लक्ष द्यावे. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने वेठबिगारीची जी व्याख्या केली, तिच्यात उचलीच्या किंवा कर्जाच्या बदल्यात माणसाने रोजगाराचे 'अथवा उपजीविकेच्या अन्य साधनांचे' स्वातंत्र्य गमावणे, हेही मोडते. त्या कायद्याने केवळ मालक बदलण्याचे नव्हे, तर मालकाविना जगण्याचे स्वातंत्र्य ओळखले होते. आखातात जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत कर्ज असते परभणीत आणि बंधन असते रियाधमध्ये. दलालाला देण्यासाठी शेत गहाण पडते ते सावकाराकडे, कागद अडकतो कफीलाकडे. दोन टोके दोन देशांत असल्यामुळे दोर कोणालाच दिसत नाही. कर्ज फिटेपर्यंत मुलगा परतू शकत नाही आणि कफील सोडून कमावूही शकत नाही.

१९८३ च्या उत्प्रवासन कायद्याला या मुलाची ओळख केवळ मोलाने काम करणारा अशीच आहे. त्या कायद्याखाली नोंदलेल्या भरती-दलालाला ३०,००० रुपये व त्यावरील कर याहून अधिक शुल्क घेता येत नाही. पासपोर्टवर उत्प्रवासन-तपासणीची अट असलेल्या, म्हणजे बहुधा दहावी न झालेल्या, कामगाराला आखाती देशांत जाण्यापूर्वी मंजुरी आणि विमा घ्यावा लागतो. या तरतुदी चांगल्या आहेत. जिल्ह्यातील किती तालुक्यांत त्या कोणी समजावून सांगतो, हा वेगळा प्रश्न. परंतु भारत सरकार आखाती देशांशी श्रमविषयक करार करते, तेव्हा त्यांत पगार, निवास, परतीचे तिकीट यांची चर्चा होते; अमुक वर्षे काम केल्यानंतर कामगाराला स्वतःच्या नावाने, त्याच परवान्यावर, छोटा व्यवसाय किंवा सहकारी संस्था काढण्याची मुभा असावी, ही मागणी पुढे येत नाही. परदेशी भांडवलाने भारतात कंपनी काढावी म्हणून लाल गालिचे अंथरले जातात. अमिरातीशी २०२२ साली झालेल्या व्यापक आर्थिक भागीदारीच्या करारात मालाला मोकळीक मिळाली. मालाबरोबर माणसाचाही विचार करा, अशी मागणी संसदेत आणि रस्त्यावर करणे हे पक्षाचे काम आहे. व्यापारी संघटना ती करणार नाहीत.

त्यापूर्वीचे काम येथेच आहे. पुढच्या हंगामापूर्वी प्रत्येक तालुक्याच्या गावी, आठवडी बाजाराच्या दिवशी, कार्यकर्त्यांनी मदतीचे टेबल मांडावे. व्हिसाचा कागद घेऊन येणाऱ्या मुलाला चार प्रश्न विचारावे. दलालाचे नाव सरकारी नोंदीत आहे काय? त्याने ३०,००० च्या वर किती मागितले आणि पावती दिली काय? कागदावर मालक म्हणून ज्याचे नाव आहे, काम त्याच्याकडेच आहे की 'आझाद' आहे? आणि शेत कोणाकडे, किती व्याजाने ठेवले? परतून आलेल्यांचीही नोंद घ्यावी. ज्याचे आडोशाचे दुकान गेले त्याने ते कोणाच्या नावावर ठेवले होते, किती वर्षे हप्ता भरला, हे लिहून घ्यावे. अशी माणसे मोहल्ल्यांत आहेत. लाजेने बोलत नाहीत, कारण गावाने त्यांना दुबईचा शेठ समजलेले असते. या नोंदी जमल्या की त्यांची एक प्रत खासदारांकडे आणि एक परराष्ट्र मंत्रालयाकडे पाठवावी, आणि पाडव्याला सालाच्या बैठका होतात त्याच आठवड्यात जिल्हाधिकारी कचेरीसमोर सालगडी, ऊसतोडकर आणि आखातातून परतलेले कामगार यांचे एकत्र धरणे धरावे.